गोगलगाय, चाबूक आणि विहिरीचा दोर

थोडं लांबलंय. सवडीनं वाचा, घाई नाही.

मागच्या २६ नोव्हेंबरला, संविधान दिनाला, एका शाळेत चित्रकला स्पर्धेचा परीक्षक म्हणून गेलो होतो. अकोला आणि अमरावतीच्या मधातलं, खारपाणपट्ट्यातलं गाव. विषय होता 'माझे संविधान'. एकूण ४३ चित्रं आली. त्यातल्या तीसेक चित्रांत एकच पुस्तक, त्यातून निघणारे पिवळे किरण आणि खाली तिरंगा. काहींत तराजू, काहींत संसद भवन. मुलांचा दोष नाही. आम्ही शिक्षकांनी फळ्यावर जे काढून दिलं, ते त्यांनी काढलं.

एक चित्र मात्र वेगळं होतं. सातवीतल्या एका मुलीनं विहीर काढली होती. विहिरीवर रहाट, रहाटाला एक लांब दोर, आणि तो दोर ओढणारे दहा-बारा हात. कुणाच्या हातात बांगड्या, कुणाच्या मनगटावर घड्याळ, कुणाचा हात म्हाताऱ्याचा. पुस्तक नाही, तराजू नाही, झेंडाही नाही.

माझ्यासोबतचे परीक्षक म्हणाले, "विषय सोडून काढलं. विहिरीचा अन् संविधानाचा काय संबंध?"

मी तिला जवळ बोलावून विचारलं. ती म्हणाली, "सर, माही आजी सांगते, तिच्या आजीले विहिरीवर चढू देत नव्हते. कोनी वरून पानी ओतलं तरच भेटे. आता सगळे एकाच दोरानं काढतेत. मंग मले वाटलं, तो दोर म्हंजे संविधान."

मी ३४ वर्षं चित्रकला शिकवली. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांना शेकडो मुलं बसवली. त्या परीक्षेत 'संकल्पचित्र' नावाचा पेपर असतो. नावात संकल्प, पण काढायचं काय? चौकोनात पानं, फुलं, वेलबुट्टी. संकल्पना म्हणजे काय, एखादी न दिसणारी गोष्ट दिसणाऱ्या गोष्टीतून कशी सांगायची, हे आम्ही कधी शिकवलंच नाही. त्या पोरीला ते कुणी न शिकवता आलं.

त्या दिवशी तिला काय बक्षीस मिळालं, ते शेवटी सांगतो. परतताना एसटीत बसलो आणि डोक्यात दुसरंच एक चित्र आलं. त्यातही संविधान आहे. त्यात ते विहिरीचा दोर नाही, गोगलगाय आहे. त्या चित्रावरून २०१२ साली या देशाची संसद पेटली होती. आज त्याच्याविषयी लिहितो.

चित्र शंकर यांचं. केशव शंकर पिल्लै, मूळचे केरळचे, दिल्लीत 'शंकर्स वीकली' हे व्यंगचित्रांचं साप्ताहिक १९४८ पासून काढायचे. त्या वेळचे देशातले सगळ्यात मोठे राजकीय व्यंगचित्रकार. नेहरूंनी त्यांना सांगून ठेवलं होतं की माझीही गय करू नका, आणि शंकर खरंच कुणाची गय करत नसत.

ऑगस्ट १९४९ मधलं हे चित्र. एक मोठी गोगलगाय आहे, तिच्यावर 'संविधान' असं लिहिलंय. तिच्यावर बाबासाहेब बसलेत, हातात चाबूक. मागे नेहरू उभे, त्यांच्याही हातात चाबूक उगारलेला. आणि पाठीमागे गर्दी, हा सगळा तमाशा बघणारी. म्हणायचं इतकंच की संविधान तयार व्हायला फार वेळ लागतोय.

आता चित्रकाराच्या डोक्यात हे कसं घडतं, ते सांगतो. वेळ काढता येत नाही. उशीर काढता येत नाही. त्याला रंग नाही, आकार नाही. मग चित्रकार एक अशी वस्तू शोधतो, जी बघताच उशीर आठवेल. इंग्रजीत मंद चालीला गोगलगाईची चाल म्हणतात. शंकर इंग्रजी वाचकांसाठी काढत होते. त्यांना गोगलगाय सुचली. उशीर गेला, गोगलगाय आली. चित्रातलं रूपक म्हणतात ते हेच.

पण रूपक काही एकटं येत नाही. ते आपलं सगळं गणगोत घेऊन येतं.

आपल्या मराठीत गोगलगाय म्हटलं की पहिली आठवण काय येते? 'गोगलगाय अन् पोटात पाय'. म्हणजे वरून गरीब, आतून बेरकी. इंग्रजी वाचणाऱ्याला जी गोगलगाय फक्त हळू वाटते, ती आपल्याकडच्या माणसाला लबाडही वाटू शकते. जनावर तेच, पण भाषा बदलली की अर्थ बदलला.

आणि समजा शंकरांनी गोगलगाईऐवजी कासव काढलं असतं तर? कासवही हळूच चालतं. पण कासव म्हटलं की सशाची शर्यत आठवते, आणि त्या शर्यतीत कासव जिंकतं. आपल्या देवळांत तर देवासमोर दगडाचं कासव असतं, आपण त्याला हात लावून पुढे जातो. कासवावर बसलेले बाबासाहेब काढले असते, तर त्याच उशिराचा अर्थ झाला असता की हा माणूस हळू जातोय, पण पोचणार हाच.

बैलगाडी काढली असती तर? मग वाचकानं विचारलं असतं, गाडीत ओझं किती आहे? आणि खरा प्रश्न तोच होता.

ओझं किती होतं ते बघा. संविधान सभेची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ ला झाली. मसुदा समिती नेमली गेली २९ ऑगस्ट १९४७ ला. संविधान मंजूर झालं २६ नोव्हेंबर १९४९ ला. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात स्वतःच हिशोब दिला: २ वर्षं ११ महिने १७ दिवस. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या होत्या, त्यातल्या २,४७३ सभागृहात प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. शेवटी ३९५ कलमं आणि ८ परिशिष्टं झाली.

उशिराचा आरोप तेव्हाही होताच. नझीरुद्दीन अहमद नावाच्या सदस्यानं मसुदा समितीला, म्हणजे 'ड्राफ्टिंग कमिटी'ला, 'ड्रिफ्टिंग कमिटी' म्हटलं होतं. म्हणजे भरकटत चाललेली समिती. बाबासाहेबांनी त्याच भाषणात याचा समाचार घेतला. अमेरिकेला चार महिने लागले, पण त्यांची कलमं ७. कॅनडाला २ वर्षं ५ महिने, ऑस्ट्रेलियाला ९ वर्षं. शिवाय त्यांच्यापुढे दुरुस्त्यांचा असा डोंगर नव्हता.

त्याच्या आदल्या वर्षी, ५ नोव्हेंबर १९४८ ला, टी. टी. कृष्णमाचारी यांनी सभागृहात सांगितलं होतं की समितीवर सात जण नेमले, पण एकानं राजीनामा दिला, एक वारले, एक अमेरिकेत होते, कुणी राज्याच्या कामात गुंतले, कुणाची तब्येत साथ देत नव्हती. मसुद्याचा भार शेवटी एकट्या आंबेडकरांवर पडला. आणि त्यांची स्वतःची तब्येतही धड नव्हती.

म्हणजे गोगलगाय हे रूपक खोटं होतं असं नाही. वेळ लागलाच होता. पण त्या रूपकानं वेग मोजला, वजन मोजलं नाही. रूपकाचा मोठा धोका हाच असतो. ते एक गोष्ट ठळक दाखवतं आणि शेजारची गोष्ट झाकून टाकतं. आपल्याला वाटतं सगळं दिसलं.

आपल्या वऱ्हाडातल्या कास्तकाराला तर हे सांगायलाच नको. जूनमध्ये सरकी टोबली की वेचणीला दिवाळी येते. मधात तुम्ही कितीही ओरडा, कपाशीले चाबूक मारून बोंड लवकर फुटत नाही. शंकर वऱ्हाडातले असते, तर कदाचित त्यांना गोगलगाय सुचलीच नसती.

आता चाबकाकडे येतो.

हे चित्र १९४९ मध्ये छापलं गेलं, लोकांनी पाहिलं आणि दिवस सरले. पुढे २००६ मध्ये एनसीईआरटीनं अकरावीचं राज्यशास्त्राचं नवं पुस्तक काढलं. योगेंद्र यादव आणि सुहास पळशीकर त्याचे मुख्य सल्लागार. पुस्तक चांगलं होतं, हे मी आजही म्हणतो. पाठांतराऐवजी पोरांना विचार करायला लावणारं. जागोजाग व्यंगचित्रं होती, त्यात हे गोगलगाईचंही होतं. खाली प्रश्नही दिला होता की संविधान सभेला इतका वेळ का लागला असेल?

सहा वर्षं पुस्तक चाललं. मग मे २०१२ मध्ये संसदेत आवाज उठला. म्हणणं असं की नेहरू चाबूक उगारतायत तो आंबेडकरांवर. ज्या माणसाच्या समाजानं शतकानुशतकं पाठीवर फटके खाल्ले, त्याच्या मागे चाबूक घेऊन एक पंडित उभा आहे, आणि हे आमच्या पोरांनी वर्गात बसून बघायचं? ११ मे ला तेव्हाचे मंत्री कपिल सिब्बल यांनी माफी मागितली आणि चित्र मागे घेत असल्याचं जाहीर केलं. यादव आणि पळशीकरांनी सल्लागारपद सोडलं. दुसऱ्या दिवशी पुण्यात विद्यापीठातल्या पळशीकरांच्या कार्यालयाची तोडफोड झाली.

मग सगळ्याच व्यंगचित्रांचा आढावा घ्यायला एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष डॉ. सुखदेव थोरात. आपल्या अमरावती जिल्ह्यातले, महिमापूरचे. यूजीसीचे माजी अध्यक्ष, जातीच्या अर्थशास्त्रावर आयुष्य घालवलेला माणूस. समितीनं बरीच चित्रं काढून टाकायची शिफारस केली. समितीतल्याच एम. एस. एस. पांडियन यांनी आपलं वेगळं मत नोंदवलं. म्हणजे ज्यांना जात कळते अशा अभ्यासकांतही एकमत नव्हतं. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण आपल्याकडे वाद झाला की दोनच बाजू करायची सवय आहे.

तेव्हा माझं मत काय होतं? प्रामाणिकपणे सांगतो. मी म्हणत होतो, चित्रच तर आहे. चाबूक गोगलगाईला आहे, माणसाला नाही. बाबासाहेबांच्या हातातही चाबूक आहेच की, म्हणजे तेही घाईच करतायत. लोकांना चित्र वाचता येत नाही. शिक्षकाच्या खोलीत मी हे ऐटीत सांगितलं होतं.

चित्रकलेच्या नियमानं मी बरोबरही असेन. पण मला माझीच एक जुनी गोष्ट आठवायला हवी होती.

२००६ च्या आसपासची. कापसाचे भाव पडलेले, रोज पेपरात आपल्याच जिल्ह्यांतल्या आत्महत्या. एका मोर्चासाठी मला कापडी फलक रंगवायला सांगितलं. फ्लेक्स आले होते, पण ब्रशनं रंगवलेल्या फलकाचा दम वेगळा. मी काढलं: जू खांद्यावर घेतलेला, बैलासारखा वाकलेला शेतकरी, आणि मागे ढेरपोट्या व्यापारी, हातात चाबूक. व्यापारी मुद्दाम अवाढव्य काढला. अन्याय मोठा दिसावा म्हणून. मला वाटलं, फर्मास जमलं.

मोर्चाच्या सकाळी एक म्हातारे कास्तकार फलकासमोर बराच वेळ उभे राहिले. मग माझ्याजवळ आले.

"सर, हे तुमी काढलं का जी?"

"हो बाबा."

"आमाले असं काहून काढलं?"

मला वाटलं, बैल केल्याचा राग आला. मी समजावू लागलो. ते म्हणाले, "बैलाचं काही नाही जी. बैल त आपला देव हाय, पोयाले आपन त्याची पूजा करतो. पन तो चाबूकवाला एवढा मोठा, अन् आमी एवढे बारके. आमी का मुंग्या हाव का? आज आमी एवढे हजार जन आलो, अन् तुमी आमाले मुंगी करून ठिवलं."

मी गप्प झालो. मी त्यांच्या बाजूनं चित्र काढलं होतं. हेतू शंभर टक्के चांगला होता. पण चित्रात मी त्यांच्याकडे व्यापाऱ्याच्या उंचीवरून पाहत होतो. हे मला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नाही, त्या बाबानं सांगितलं.

चित्रात माणसाचा आकार हेसुद्धा एक रूपकच असतं. पुढे २०१९ मध्ये उन्नामती श्याम सुंदर या व्यंगचित्रकार-अभ्यासकाचं 'नो लाफिंग मॅटर' हे पुस्तक आलं, नवयाना प्रकाशनाचं. १९३२ ते १९४८ या काळात इंग्रजी वर्तमानपत्रांत बाबासाहेबांवर आलेली शंभरावर व्यंगचित्रं त्यांनी गोळा केली. ती एकत्र बघितली की एक गोष्ट डोळ्यात खुपते. त्यांत बाबासाहेब पुन्हा पुन्हा लहान दिसतात. बाकीचे पुढारी मोठे, हे बारके. एकेका चित्रकाराचा हेतू काय होता, देव जाणे. पण एकासारखं एक चित्र येत गेलं की तो योगायोग राहत नाही, ती नजर होते.

म्हणून २०१२ च्या वादात मला आता वाटतं ते असं. शंकरांना बाबासाहेबांचा अपमान करायचा होता, असं मी म्हणणार नाही. त्यांच्या कुंचल्यातून नेहरूही सुटले नाहीत. पण उगारलेला चाबूक काढताना तो चाबूक या देशात कुणाच्या पाठीवर पडलाय, हे त्यांच्या डोक्यात आलं नसावं. दिल्लीच्या टेबलावर चाबूक म्हणजे फक्त घाई. गावकुसाबाहेर चाबूक म्हणजे चाबूक.

आणखी एक. साप्ताहिकातलं चित्र आणि पाठ्यपुस्तकातलं चित्र, यांत फरक असतो. १९४९ च्या वाचकाला त्या आठवड्याच्या बातम्या माहीत होत्या. दुसऱ्या आठवड्यात दुसरं चित्र येणार, हेही माहीत होतं. पुस्तकात तेच चित्र एकटं उभं राहतं, वर्षानुवर्षं. सोळा वर्षांच्या पोराला ७,६३५ दुरुस्त्या ठाऊक नसतात, त्याला फक्त गोगलगाय दिसते. शि. द. फडणीसांनी आपल्या गणिताच्या पुस्तकांत काढलेली चित्रं आठवा. भीतीचा विषय, पण चित्रानं पोराला जवळ घेतलं. पाठ्यपुस्तकातल्या चित्राची जबाबदारी ती असते. आधी जवळ घ्यायचं, मग प्रश्न विचारायचा.

पण म्हणून तोडफोड? नाही. ती मला तेव्हाही पटली नाही, आजही नाही. चित्र काढून टाकल्यानं ती नजर गेली नाही. उलट त्या नजरेविषयी वर्गात बोलायची संधी गेली. मी शिक्षक म्हणून सांगतो, त्याच चित्राखाली एक प्रश्न वाढवता आला असता: 'या चित्रातला चाबूक पाहून वेगवेगळ्या घरांतल्या मुलांना काय काय आठवेल?' चाळीस पोरांच्या वर्गात त्या एका तासात जात, भाषा, इतिहास सगळं आलं असतं.

आणि हे फक्त एका समाजाचं दुखणं आहे, असं समजू नका. सप्टेंबर २०१६ मध्ये मराठा समाजाचे मूक मोर्चे निघत होते. लाखो माणसं, घोषणा नाहीत, भाषणं नाहीत. गप्प राहणं हेच त्या मोर्चाचं रूपक होतं. त्याच वेळी 'सामना'त एक व्यंगचित्र आलं, 'मूक'चा 'मुका' करून. शब्दाची गंमत करायला गेले आणि आयाबहिणींच्या दुःखावर विनोद झाला. राज्यभर संताप उठला, उद्धव ठाकरे यांना माफी मागावी लागली. २०१२ मध्ये 'चित्रच तर आहे' म्हणणारे माझे काही मित्र त्या वेळी सगळ्यात जास्त चिडले होते. मी त्यांना टोमणा मारला नाही, कारण मीही त्याच शाळेतला. चाबूक आपल्या पाठीला लागेपर्यंत तो चित्रातलाच वाटतो.

मग चांगलं रूपक कसं असतं?

बाबासाहेबांचंच उदाहरण घ्या. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. त्याच्या अग्रलेखात त्यांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली. एकेक जात म्हणजे एकेक मजला. आणि या मनोऱ्याला शिडीच नाही. ज्या मजल्यावर जन्मला, त्याच मजल्यावर मरायचं. खालचा कितीही लायक असला तरी वर जाऊ शकत नाही, वरचा कितीही नालायक असला तरी त्याला खाली ढकलायची कुणाची हिंमत नाही.

चित्रकार म्हणून मी या मनोऱ्यापुढे हात जोडतो. ब्रश हातात न घेता काढलेलं हे चित्र आहे. यात कुणाचं नाक मोठं केलेलं नाही, कुणाच्या शरीराची टिंगल नाही. त्यांनी माणूस काढला नाही, रचना काढली. ऐकणाऱ्याला लगेच कळतं की दोष एखाद्या मजल्यावरच्या माणसात नाही, घर बांधणाऱ्यानं शिडी ठेवली नाही त्यात आहे. शंभर वर्षं झाली, ती उपमा शिळी झाली नाही.

आणि आपले गाडगेबाबा. १८७६ मध्ये शेंडगावला जन्मले, अंजनगाव सुर्जी तालुक्यातले. डोक्यावर फुटकं गाडगं टोपीसारखं, त्याच गाडग्यात भाकर, हातात खराटा. गावात आले की आधी झाडायचे, मग बोलायचे. अक्षर न ओळखणाऱ्या माणसालाही लांबून कळायचं की हा माणूस काय सांगायला आलाय. त्यांनी रूपक कागदावर काढलं नाही, अंगावर घातलं. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. नुसता एक खराटा आणि एक गाडगं काढा, वऱ्हाडातलं शेंबडं पोरगंही नाव सांगेल.

तसाच गावागावांतला बाबासाहेबांचा पुतळा. निळा कोट, काखेत नाहीतर हातात पुस्तक, आणि वर उचललेलं बोट. लोकांनी वर्गणी करून उभं केलेलं हे चित्र आहे. आता हे शंकरांच्या चित्राशेजारी ठेवून बघा. तिथे संविधान म्हणजे खाली सरपटणारं जनावर, आणि बाबासाहेब त्याच्यावर अडकून बसलेले. इथे संविधान म्हणजे काखेतलं पुस्तक, आणि बाबासाहेब ताठ उभे. माणूस तोच, ग्रंथ तोच. पहिलं चित्र दिल्लीच्या हुशार चित्रकाराचं. दुसरं, ज्यांच्यासाठी तो ग्रंथ लिहिला त्यांचं. कोणतं टिकलं, ते तुमच्या गावच्या चौकात जाऊन बघा.

जी पोरं आज मोबाईलवर, कॉम्प्युटरवर चित्रं करतात, मीम करतात, त्यांच्यासाठी माझं सांगणं सोपं आहे. विषय आला की पहिली सुचलेली वस्तू काढू नका. ती बहुतेक दुसऱ्याची असते. कागदावर दहा वस्तू लिहा. प्रत्येकीपुढे लिहा की ही काय दाखवते आणि काय झाकते. मग विचारा, ही बघून माझ्या वस्तीतल्या माणसाला काय आठवेल आणि दुसऱ्या वस्तीतल्याला काय? आणि शेवटी आकार बघा. लहान कोण काढला, आणि तो लहान का काढला? एवढं केल्यावरही कुणी दुखावलं, तर भांडू नका, आधी ऐका. मला त्या कास्तकार बाबानं दोन मिनिटांत जे शिकवलं, ते शिकायला मला नाहीतर अजून वीस वर्षं लागली असती.

आता त्या पोरीच्या विहिरीकडे.

विहिरीचा आणि संविधानाचा संबंध काय, असं माझे सहकारी म्हणाले होते. संबंध असा. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीत, इंद्रभुवन थिएटरात, बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद भरली होती. प्रश्न अंबादेवीच्या देवळात जाण्याचा होता. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी पेटलं होतं. आणि पुढे अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर डॉ. पंजाबराव देशमुखांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. तेच पंजाबराव पुढे संविधान सभेत बसले. संविधानाच्या १५ व्या कलमात विहिरी, तळी, घाट, रस्ते यांचा उल्लेख आहे. शब्द लिहिलेत तिथे, विहिरी. संविधान विहिरीतूनच वर आलंय. आणि खारपाणपट्ट्यात, जिथे गोड्या पाण्याची विहीर म्हणजे अख्ख्या गावाचा जीव, तिथल्या पोरीला हे सुचावं, यात आश्चर्य काय?

पण हे मी त्या दिवशी बोललो नाही. सहकारी वयानं मोठे, शाळेला कार्यक्रम आटपायचा होता, पाहुणे ताटकळले होते. मी म्हणालो, "बरं, उत्तेजनार्थ देऊन टाकू." पहिलं बक्षीस पुस्तकातून निघणाऱ्या पिवळ्या किरणांना गेलं. किरण खरंच छान काढले होते, त्या मुलाला नावं ठेवत नाही. पण ३४ वर्षं शिकवून माझ्यासमोर एक खरं संकल्पचित्र आलं, आणि मी त्याला एक वही अन् पेन देऊन घरी पाठवलं. ही चूक माझी आहे, शाळेची नाही.

यंदा त्याच शाळेतून पुन्हा बोलावणं आलंय. मी होकार कळवला, पण एक अट घातली. बक्षीस वाटायच्या आधी मला पोरांशी एक तास बोलू द्या. मी फळ्यावर तीन चित्रं काढणार आहे: गोगलगाय, मनोरा आणि विहीर. तिसऱ्या चित्राखाली तिचं नाव लिहीन.

तुमच्याकडे काय काढलं असतं? संविधान म्हटल्यावर पुस्तक, तराजू, झेंडा सोडून तुमच्या घरातली, शेतातली, रस्त्यावरची कोणती वस्तू आठवते? खाली लिहा. चांगली सापडली, तर तीही फळ्यावर काढीन.